अर्धी मात्रा उशिरा

मीटर बघायला गेलो होतो
रेल्वे लाइन्सच्या मागची ती बैठी खोली.
दोन महिन्यांत आकडा सात युनिटांनी हललेला.
म्हटलं, बाई, मीटर बंद पडलाय की काय?
त्या म्हणाल्या, "मीटर चालू हाय बाळा.
मीच सावकाश चालूलाले."

खाटेखाली पत्र्याची ट्रंक,
झाकायला चादर, चादरीवर मोर,
मोराच्या पोटावर इस्त्रीचा डाग.
ट्रंकेत एक काळी तबकडी, कडेला टवका गेलेली,
आणि फोटो: उघडे खांदे, केसांत कागदाचं फूल,
मागे डोळे मिटून ट्रंपेटवाला.
खाली छापलेलं, मिस मार्लिन मून.
"हे कोण?"
"मीच की. मार्था उबाळे पाटीवर मावत नव्हतं म्हणे."

मग बिलाचं राहून गेलं.

बाप मिलमध्ये साचेवाला.
भोंगा तीनदा व्हायचा. तिसऱ्यानंतर फाटक बंद,
अर्धा रोज गेला.
अर्ध्या मिनिटाची किंमत घरातल्या पोरासोरांना पाठ:
चार भाकऱ्या, वाटीभर शेंगाचटणी.
आणि मिशनच्या देवळात सिंगारे मास्तर
पेटीच्या झाकणावर काठीनं ताल द्यायचे.
सगळ्या मुली काठीबरोबर,
ही एकटी काठी पडून गेल्यावर.
"गाऊलालीस का झोपलीयस गं?"
मग तीच काठी तळहातावर.
(तीसुद्धा उशिराच लागायची, म्हणाल्या,
रात्री, विड्या वळताना.)

रेल्वे इन्स्टिट्यूटात नाताळचा नाच होता.
वाडीहून बँड आला, बँडात काएतान.
त्यानं ऐकलं. म्हणाला, ही चूक नाही, मार्था,
ही जागा आहे.
इथं माणूस राहू शकतो.

पुढचं त्यांनी भरभर सांगितलं,
दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं:
कलकत्त्याची हॉटेलं, मसुरीचे उन्हाळे,
काट्याचमच्यांच्या खळखळाटावरून गाणं न्यायचं.
साहेब टाळ्या वाजवायचे. साहेब गेले,
शेठ आले, ते घड्याळ बघायचे.
काएतानची छाती मसुरीच्या थंडीत राहिली ती राहिलीच.
पुढच्या शनिवारी ती गायली
ट्रंपेटची जागा मोकळी ठेवून,
मोजून बारा मात्रा, कुणी काही वाजवायचं नाही.
लोकांना वाटलं, बँड विसरला.

नंतर मुंबईत, स्टुडिओच्या मागच्या बाकावर,
नव्या पोरींना शिकवलं:
ओळीच्या मागं धावू नका.
तिला थोडं पुढं जाऊ द्या, मग हाक मारा.
पोरी मोठ्या झाल्या, त्यांच्याकडून आणखी पोरी शिकल्या.
आता साबणाच्या जाहिरातीत एक बाई
"शुभ्र" म्हणायच्या आधी तश्शी थांबते.
मी रोज ऐकत होतो, अशोक चौकातल्या टपरीवर,
चहा ओतून होईपर्यंत.
ठाऊक नव्हतं तो कुणाचा श्वास.
श्वासावर सही नसते.

तबकडी लावायला यंत्र नव्हतं.
म्हटलं, मग म्हणा की.
"आता? दात कुठं हायत?"
पण पदर नीट केला.

शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग, खटाक-खट, खटाक-खट,
तेलुगूत कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं.
त्यांनी मागाला चारदा पुढं जाऊ दिलं,
ओठ उघडले,
आणि लाइट गेली.
माग थांबले. गल्ली थांबली.
भिंतीवर माझ्या मीटरची चकती थांबली.
आता बाई कशाच्या मागं राहणार?

न वाजलेला खटाक होऊन जाऊ दिला त्यांनी.
मग अर्धी मात्रा.
मग आवाज.

शब्द इंग्रजी होते, मला कळले नाहीत.
आवाज फाटका होता, कडेनं सुटलेला,
मध्ये एकदा खोकल्या, तोही उशिरा,
जिथं यायला हवा होता तिथंच.
दाराशी बॉबिनं घेतलेलं एक पोरगं
घाम पुसायचं विसरून उभं.

ऑफिसात पोचलो तेव्हा मस्टर आत गेलं होतं.
अर्धी रजा लावली साहेबानं.
कारण विचारलं, तर मी
लगेच काही बोललो नाही.